पदवीचे मोल आणि माहितीची पारख

बारावीचा निकाल लागला की पुढील दोन महिने महाराष्ट्रातील घराघरांत एकाच विषयाची चर्चा चालते. मुलाला अथवा मुलीला कोठे घालावयाचे, किती शुल्क पडेल, आणि शिकून बाहेर पडल्यावर हाती काय लागेल? याच काळात एस.टी. स्थानकांच्या भिंती, रस्त्याकडेचे फलक, वृत्तपत्रांची पाने आणि आता प्रत्येकाच्या हातातील भ्रमणध्वनी शैक्षणिक संस्थांच्या जाहिरातींनी भरून जातात. ‘शंभर टक्के नोकरी’, ‘बारा लाखांचे पॅकेज’, ‘शासनमान्य’, ‘आंतरराष्ट्रीय दर्जा’ हे शब्द त्यांत हमखास असतात. ज्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी आहे, त्या घरातील आईवडील या शब्दांची शहानिशा करण्यासाठी शाळेतील गुरुजींकडे, तलाठ्याकडे किंवा पंचायतीतील एखाद्या जाणत्या सदस्याकडे येतात. घरची दोन एकर जमीन गहाण टाकून शुल्क भरण्याचा बेत असेल, तर दिलेल्या सल्ल्याची जबाबदारी लहान नसते.

आईवडिलांच्या मनात वस्तुतः दोन प्रश्न असतात आणि बोलण्याच्या ओघात ते एकमेकांत मिसळून जातात. ही संस्था खरी आहे काय, हा पहिला. येथे शिकण्यावर खर्च केलेला पैसा व वर्षे भरून निघतील काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कायद्याच्या आधारे अर्ध्या तासात मिळू शकते. दुसऱ्याचे उत्तर शोधताना जगातील मोठमोठ्या शासनांचीही दमछाक झालेली आहे.

पदवी देण्याचा अधिकार कोणाला?

विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम १९५६ साली झाला. त्याच्या कलम २२ नुसार पदवी प्रदान करण्याचा अधिकार केवळ तीन प्रकारच्या संस्थांना आहे: केंद्राच्या वा राज्याच्या अधिनियमान्वये स्थापन झालेली विद्यापीठे, कलम ३ खालील अभिमत विद्यापीठे, आणि संसदेने खास अधिनियमाद्वारे तसा अधिकार दिलेल्या संस्था. कलम २३ तर अशा रीतीने स्थापन न झालेल्या संस्थेला आपल्या नावात ‘विद्यापीठ’ हा शब्दही लावू देत नाही. सोसायटी म्हणून किंवा विश्वस्त संस्था म्हणून झालेली नोंदणी, अथवा कंपनी कायद्याखालील प्रमाणपत्र, यांमुळे पदवी देण्याचा अधिकार प्राप्त होत नाही. जाहिरातीतील ‘शासनमान्य’ या शब्दामागे अनेकदा एवढीच नोंदणी असते. आयोग बनावट विद्यापीठांची यादी वेळोवेळी प्रसिद्ध करतो. त्या यादीवर आणि मान्यताप्राप्त विद्यापीठांच्या यादीवर नजर टाकली म्हणजे पहिला प्रश्न बहुधा सुटतो. अभियांत्रिकी व व्यवस्थापन यांसारख्या अभ्यासक्रमांसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता त्या वर्षापुरती आहे किंवा नाही, हेही पाहावे लागते.

एवढी साधी तपासणी असताना फसवणूक होते कशी, असे कोणी विचारील. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ प्लॅनिंग अँड मॅनेजमेंट या संस्थेचे उदाहरण त्यासाठी पुरेसे आहे. या संस्थेच्या पानभर जाहिराती देशातील प्रमुख वृत्तपत्रांत कित्येक वर्षे येत होत्या. सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिला एम.बी.ए., बी.बी.ए., मॅनेजमेंट स्कूल, बिझनेस स्कूल हे शब्द वापरण्यास मनाई केली. तोवर विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्या शुल्क भरून बाहेर पडलेल्या होत्या. चमकदार कागदावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या मजकुराविषयी वाचकाच्या मनात एक प्रकारचा विश्वास असतो. कायद्याची चाके फिरेपर्यंत त्या विश्वासाची किंमत पालक मोजत राहतो.

पदवीने खरोखर काही मिळते काय?

आता दुसरा प्रश्न. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ साली देशात सुमारे ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. अठरा ते तेवीस या वयोगटाशी पडताळता हे प्रमाण २८.४ टक्के भरते. महाराष्ट्राचे प्रमाण याहून बरेच वर, ३५ टक्क्यांच्या आसपास होते. एवढी कुटुंबे हा खर्च करीत असतील तर त्यात लाभ असलाच पाहिजे, असे वरवर पाहता वाटते.

बेरोजगारीचे आकडे मात्र प्रथमदर्शनी उलटच सांगतात. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार २०२२-२३ मध्ये पंधरा वर्षांवरील सर्वांमध्ये बेरोजगारीचा दर ३.२ टक्के होता. पदवीधरांमध्ये तो १३.४ टक्के होता. निरक्षरांमध्ये तर तो नगण्य असतो. चावडीवर असे आकडे कोणी वाचून दाखविले, तर शिकण्यापेक्षा न शिकणे बरे, असा निष्कर्ष सहज निघेल. पण तो चुकीचा ठरेल. ज्याच्या घरी रोजच्या मजुरीवाचून चूल पेटत नाही, त्याला बेरोजगार राहणे परवडतच नाही. तो मिळेल ते काम मिळेल त्या दराने करतो आणि सर्वेक्षणात ‘रोजगार असलेला’ म्हणून नोंदविला जातो. पदवीधर आपल्या शिक्षणाला साजेशा कामाची वाट पाहत थांबतो. घरची माणसे त्याला थांबू देतात.

अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या अहवालाने हीच बाब वयानुसार उकलून दाखविली. पंचवीस वर्षांखालील पदवीधरांमध्ये बेरोजगारीचे प्रमाण ४२ टक्क्यांवर होते, तर पस्तीस व त्यापुढील वयाच्या पदवीधरांमध्ये ते ५ टक्क्यांहूनही कमी होते. याचा अर्थ, कालांतराने बहुतेकांना काही ना काही काम मिळते. ते काम पदवीच्या तोलाचे असते काय, आणि वाट पाहण्यात गेलेल्या वर्षांची भरपाई होते काय, हे मात्र या आकड्यांवरून समजत नाही.

अर्थशास्त्रज्ञांनी हा हिशेब निराळ्या पद्धतीने मांडला. गॅरी बेकर यांनी १९६४ साली शिक्षणाकडे भांडवली गुंतवणूक म्हणून पाहण्याची रीत रूढ केली. शुल्क, पुस्तके, वसतिगृह हा एक खर्च; शिकण्याच्या काळात जी मिळकत बुडते तो दुसरा. शेतकरी कुटुंबाला दुसरा खर्च न सांगताही कळतो, कारण सुगीच्या दिवसांत दोन हात कमी पडतात. एखाद्या तरुणाला महिना दहा हजार रुपये मिळवता आले असते असे धरले, तर तीन वर्षांत बुडालेली मिळकत ३ लाख ६० हजार रुपये होते. शुल्काच्या पावतीवर ही रक्कम कधीच दिसत नाही. असे सर्व खर्च एका बाजूस व पुढील आयुष्यातील वाढीव मिळकत दुसऱ्या बाजूस ठेवून सायकॅरोपोलस व पॅट्रिनॉस या अभ्यासकांनी अनेक देशांतील पाहण्या एकत्र केल्या. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आढाव्यात शिक्षणाच्या प्रत्येक जादा वर्षामागे मिळकतीत जगभर सरासरी सुमारे ९ टक्के वाढ आढळून आली.

सरासरी समाधानकारक आहे, यात शंका नाही. पण कोणताही विद्यार्थी सरासरी महाविद्यालयात प्रवेश घेत नाही. तो एका विशिष्ट गावातील विशिष्ट संस्थेत, विशिष्ट शाखेत जातो. शिवाय जे शिकले ते मुळातच अधिक हुशार, अधिक सुस्थितीतील किंवा शहराजवळचे होते काय, आणि न शिकताही त्यांनी इतरांहून अधिक कमावलेच असते काय, ही शंका उरतेच. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली याहून पुढचा प्रश्न विचारला: पदवीमुळे माणसाची कार्यक्षमता वाढते, की मालकाला ‘हा उमेदवार कष्टाळू आहे’ एवढी खूण तेवढी पटते? दोन्हींत तथ्य आहे, असेच बहुतेक अभ्यासक मानतात. पालकाच्या दृष्टीने त्यातून निघणारी व्यवहारी गोष्ट अशी की, ज्या पदवीची खूण नोकरी देणारे ओळखत नाहीत, त्या पदवीने अर्धा लाभ आधीच गमावलेला असतो.

खऱ्या आकड्यांचे खोटे चित्र

संस्था देत असलेली माहिती तपासताना नियामकांपुढे येणारी अडचण एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एका वर्गात साठ विद्यार्थी आहेत असे समजू. त्यांपैकी पंचवीस जणांना नोकरी लागली. पाच जणांना वर्षाला बारा लाखांची, उरलेल्या वीस जणांना दोन लाख चाळीस हजारांची. पस्तीस जणांना काहीच मिळाले नाही. संस्थेच्या रोजगार कक्षाने ठरविलेल्या अटींत न बसल्यामुळे त्यांची नावेच नोंदविली गेली नव्हती. आता संस्थेचे माहितीपत्रक म्हणते: सर्वोच्च वेतन बारा लाख, सरासरी वेतन ४ लाख ३२ हजार, पात्र विद्यार्थ्यांपैकी शंभर टक्के विद्यार्थ्यांना नोकरी.

यातील एकही आकडा खोटा नाही. तरीही त्यावरून मनात उभे राहणारे चित्र निखालस खोटे आहे. नोकरी लागलेल्या पंचवीस जणांना वेतनाच्या चढत्या क्रमाने उभे केले, तर मधोमध उभा असलेला तेरावा विद्यार्थी दोन लाख चाळीस हजार मिळवितो. यालाच शालेय गणितात मध्यक म्हणतात. आणि वर्गातील साठही जणांना तसेच उभे केले, तर मधल्या विद्यार्थ्याच्या हाती काहीच नसते. माहिती खात्यात वर्षानुवर्षे आकड्यांशी संबंध आलेल्या माणसाला याचे नवल वाटत नाही. छेदस्थानी काय घेतले आहे हे सांगितल्यावाचून दिलेली टक्केवारी वाचणे, हे काटा न पाहता धान्य मोजून घेण्यासारखे आहे.

आता कर्जाचा भाग पाहू. सहा लाखांचे शैक्षणिक कर्ज दहा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडावयाचे तर मासिक हप्ता सुमारे ७,९३० रुपये पडतो. महिना वीस हजार मिळविणाऱ्या त्या तेराव्या विद्यार्थ्याच्या पगारातील जवळपास चाळीस टक्के रक्कम हप्त्यातच जाईल. शिकत असतानाच्या काळातील व्याज येथे धरलेलेच नाही.

अमेरिकेतील अनुभव

हप्ता आणि मिळकत यांचे हेच गुणोत्तर हाती धरून अमेरिकेच्या शिक्षण विभागाने संस्थांवर नियंत्रण आणण्याचा प्रयत्न केला. त्या प्रयत्नाचा इतिहास आपल्याकडील अधिकाऱ्यांनी व शिक्षकांनी लक्षपूर्वक पाहण्याजोगा आहे.

तेथील १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्यानुसार, व्यावसायिक अभ्यासक्रमांना सरकारी मदत मिळावयाची तर त्यांनी विद्यार्थ्याला ‘लाभदायक रोजगारा’साठी तयार केले पाहिजे. लाभदायक म्हणजे काय, याची व्याख्या करण्याच्या भरीस मात्र दीर्घकाळ कोणी पडले नाही. दरम्यान नफ्यासाठी चालविलेल्या महाविद्यालयांचे पीक आले. त्यांतील कोरिंथियन या मोठ्या समूहाने आपल्या विद्यार्थ्यांना मिळालेल्या नोकऱ्यांचे जे आकडे जाहीर केले होते, त्यांची छाननी झाली तेव्हा अजब प्रकार उघडकीस आले. ग्राहकांच्या आर्थिक हिताचे रक्षण करणाऱ्या तेथील शासकीय कार्यालयाने २०१४ च्या दाव्यात म्हटले होते की, एक दिवस टिकलेले आणि दुसऱ्या दिवसाचे आश्वासन असलेले कामही ही संस्था ‘करिअर’ म्हणून मोजत होती. याच समूहाच्या हिल्ड महाविद्यालयाने लेखाशास्त्राच्या २०११ च्या एका पदवीधर विद्यार्थिनीची नोंद ‘आपल्या क्षेत्रात नोकरी मिळाली’ अशी केली होती. प्रत्यक्षात ती टाको बेल या उपाहारगृहात काम करीत होती, आणि तेही २००६ पासून, म्हणजे पदवीच्या पाच वर्षे आधीपासून! एप्रिल २०१५ मध्ये शिक्षण विभागाने नोकऱ्यांच्या प्रमाणाविषयीची ९४७ चुकीची विधाने दाखवून सुमारे तीन कोटी डॉलर दंड ठोठावला. त्याच महिन्याच्या अखेरीस समूहाने उरलेली महाविद्यालये बंद केली आणि सुमारे सोळा हजार विद्यार्थी अर्ध्यावर रस्त्यावर आले. पुढे २०२२ मध्ये तेथील सरकारला या समूहाच्या सुमारे ५ लाख ६० हजार विद्यार्थ्यांचे ५.८ अब्ज डॉलरचे कर्ज माफ करावे लागले. माहितीची तपासणी वेळेवर न करण्याची ही किंमत सरकारी तिजोरीने, म्हणजे करदात्यांनी दिली.

शिक्षण विभागाने नियम केला तोही सरळ पार पडला नाही. २०११ चा पहिला नियम २०१२ मध्ये न्यायालयाने रद्द केला. त्यातील एका निकषानुसार अभ्यासक्रमाच्या किमान ३५ टक्के माजी विद्यार्थ्यांची परतफेड चालू असणे आवश्यक होते. पस्तीसच का, या प्रश्नाला विभागाजवळ समाधानकारक उत्तर नव्हते. ही रेषा ओढल्यास सुमारे एक चतुर्थांश अभ्यासक्रम अनुत्तीर्ण होतील, एवढेच कारण पुढे आले. न्यायालयाने ते मान्य केले नाही. हप्ता मिळकतीच्या किती टक्के असावा, या दुसऱ्या निकषाला तज्ज्ञांच्या अभ्यासाचा आधार होता, त्यामुळे तो तत्त्वतः योग्य ठरला. संस्थांच्या आकड्यांची पारख करणाऱ्या नियामकाच्या स्वतःच्या आकड्यांचीही पारख होते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

२०१४ साली नियम नव्याने आला. पदवीधरांचा वार्षिक हप्ता त्यांच्या वार्षिक मिळकतीच्या ८ टक्क्यांच्या आत, किंवा निर्वाहखर्च वजा जाता उरणाऱ्या मिळकतीच्या २० टक्क्यांच्या आत असावा, असे त्यात ठरले. यातील खरी सुधारणा टक्केवारीत नव्हती. मिळकतीचा आकडा आता संस्थेकडून न घेता सामाजिक सुरक्षा प्रशासनाच्या नोंदींतून घेतला जाऊ लागला. स्वतःची उत्तरपत्रिका स्वतःच तपासण्याची संस्थांची सोय संपली. जानेवारी २०१७ मध्ये पहिले निकाल लागले, तेव्हा आठशेहून अधिक अभ्यासक्रम अनुत्तीर्ण झाले आणि त्यांतील ९८ टक्के नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थांचे होते.

पुढची कहाणी राजकीय चढउतारांची आहे. २०१९ मध्ये नियम रद्द झाला, २०२३ मध्ये दुरुस्त होऊन परत आला, आणि जुलै २०२५ मध्ये तेथील विधिमंडळाने पदवी अभ्यासक्रमांसाठी मिळकतीची एक स्वतंत्र कसोटी कायद्यातच घातली. केवळ शालान्त शिक्षण झालेल्या पंचवीस ते चौतीस वयाच्या नोकरदारांपेक्षा एखाद्या अभ्यासक्रमाचे पदवीधर कमी कमावीत असतील, आणि तीन वर्षांपैकी दोन वर्षे असेच आढळले, तर त्या अभ्यासक्रमाची सरकारी कर्जसवलत थांबते.

आपल्याकडे असा काटा का नाही?

अमेरिकेचे ८ टक्क्यांचे माप वर सांगितलेल्या वीस हजारांच्या पगाराला लावले, तर मासिक हप्ता १,६०० रुपयांपलीकडे जाऊ नये असे येते. आपल्याकडील किती अभ्यासक्रम या कसोटीस उतरतील? पण हे माप येथे जसेच्या तसे आणता येणार नाही. आपल्याकडे कमावत्या माणसांपैकी मोठा वर्ग आयकराच्या नोंदींबाहेर आहे. दुकान, शेती, घरगुती उद्योग, करारावरील शिकवणी यांतील मिळकत कोणत्याही शासकीय दप्तरात पूर्णपणे उतरत नाही. अमेरिकेतही केशकर्तन व सौंदर्यप्रसाधन शिकविणाऱ्या शाळांनी हाच आक्षेप घेतला होता. ग्राहकांनी खुशीने दिलेली बक्षिसी नोंदींत येत नाही, म्हणून आमचे विद्यार्थी दिसतात तितके गरीब नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते, आणि २०१७ मध्ये न्यायालयाला त्यात तथ्य दिसले. तेथे जो अपवाद, तो आपल्याकडे नियम आहे.

त्यामुळे आपल्या व्यवस्थेत संस्थेने स्वतः दिलेल्या माहितीवर अजून बराच भर आहे. राष्ट्रीय मूल्यांकन आणि प्रत्यायन परिषद, म्हणजे नॅक, १९९४ मध्ये स्थापन झाली. संस्थेचा स्वयंअध्ययन अहवाल, त्यातील आकड्यांची पडताळणी आणि तज्ज्ञ समितीची प्रत्यक्ष भेट, या मार्गाने श्रेणी ठरत आली आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने लाच घेऊन श्रेणी दिल्याच्या आरोपाखाली अशा एका समितीच्या सदस्यांना अटक केली. आरोपांचा निर्णय न्यायालयातच व्हावयाचा. तथापि, भेटीवर अवलंबून असलेली श्रेणी किती नाजूक असते हे त्यावरून दिसले. श्रेणींऐवजी ‘प्रत्यायनप्राप्त’ अथवा ‘अप्राप्त’ अशी दुहेरी पद्धत आणण्याचा आणि सर्व नियामकांसाठी संस्थेने माहिती एकदाच एका ठिकाणी देण्याचा निर्णय त्याआधीच, जानेवारी २०२४ मध्ये, जाहीर झालेला होता. एकच आकडा सर्वांना द्यावा लागला म्हणजे एका कार्यालयाला एक व दुसऱ्याला दुसरा आकडा देण्याची वाट बंद होते.

संस्थांची राष्ट्रीय क्रमवारी, जी एन.आय.आर.एफ. या नावाने परिचित आहे, तिची घोषणा २०१५ मध्ये झाली आणि पहिली यादी २०१६ मध्ये आली. क्रमवारीतील स्थानावर वृत्तपत्रांत पुष्कळ लिहिले जाते. पालकाच्या उपयोगाचा भाग त्या यादीमागे दडलेला आहे. सहभागी संस्थेने किती विद्यार्थ्यांना प्रवेश दिला, त्यांपैकी किती ठरलेल्या मुदतीत उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी मिळाली, किती जण पुढील शिक्षणास गेले आणि नोकरी मिळालेल्यांच्या वेतनाचा मध्यक किती, हे सारे तपशील भरून द्यावयाचे असतात आणि ते संस्थेच्या संकेतस्थळावर ठेवावे लागतात. माहितीपत्रकात ‘सर्वोच्च’ व ‘सरासरी’ मिरविणाऱ्या संस्थेला येथे मध्यक लिहावा लागतो. दोन कागद शेजारी ठेवून वाचले की पुष्कळसा उलगडा आपोआप होतो.

ही माहितीही मुळात संस्थांनीच दिलेली असते, हे विसरून चालणार नाही. याच आक्षेपावरून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठापुढे जनहित याचिका दाखल झाली आणि क्रमवारीच्या प्रकाशनास काही काळ अंतरिम मनाई होती. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये ती वर्षाची क्रमवारी प्रसिद्ध झाली. हा वाद केवळ प्रतिष्ठेचा राहिलेला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने मंजूर केलेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत विनातारण कर्जासाठी पात्र असलेल्या संस्था याच क्रमवारीच्या आधारे ठरतात. आरंभी त्यांची संख्या ८६० होती. आकडा फुगविणाऱ्या संस्थेकडे त्यामुळे कर्जाचा पैसा वळू शकतो. कठोर पडताळणीची गरज येथे सर्वाधिक आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

जाहिरातीच्या क्षेत्रात मात्र नियामकाने अलीकडे ठाम पावले उचलली आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाखाली जुलै २०२० मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अस्तित्वात आले. स्पर्धा परीक्षांच्या शिकवणी वर्गांनी यशस्वी उमेदवारांची छायाचित्रे छापून चालविलेल्या प्रचाराची त्याने चौकशी केली. छायाचित्रांतील अनेक उमेदवारांनी त्या वर्गात फक्त मुलाखतीची तयारी केली होती, तीही काही ठिकाणी विनामूल्य, असे त्यात आढळून आले. पूर्व व मुख्य परीक्षा ते वर्गाच्या मदतीवाचूनच उत्तीर्ण झाले होते, आणि जाहिरात नेमकी हीच गोष्ट झाकून ठेवीत होती. नोव्हेंबर २०२४ पर्यंत प्राधिकरणाने ४५ नोटिसा काढल्या व १८ संस्थांना मिळून ५४ लाख ६० हजार रुपये दंड केला. त्याच महिन्यात शिकवणी वर्गांच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे निघाली. निवड झाल्यानंतर उमेदवाराची लेखी संमती घेतल्याशिवाय त्याचे नाव वा छायाचित्र वापरता येत नाही, आणि त्याने कोणता अभ्यासक्रम घेतला होता हे छायाचित्रासोबत सांगावे लागते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत व पुन्हा तसेच घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद अधिनियमात आहे. सत्य सिद्ध करण्याचा भार येथे जाहिरातदारावर टाकलेला आहे, आणि ते योग्यच आहे. विद्यार्थ्याच्या हाती पुरावा असणार कोठून?

मुंबईतील भारतीय जाहिरात मानक परिषद ही १९८५ पासून काम करणारी स्वनियमन संस्था आहे. तिची तत्त्वेही नोकरीचे दावे करणाऱ्या संस्थेने उत्तीर्ण झालेल्या एकूण विद्यार्थ्यांची संख्या द्यावी, असे सांगतात. हा तोच छेद, जो माहितीपत्रकात सापडत नाही.

पगारापलीकडचे

पदवीचे सारे फळ पगारात मोजता येते असे कोणी समजू नये. गावातील परिचारिका, ग्रंथपाल, समाजकार्यकर्ती, नाट्यशिक्षक यांच्या वेतनावरून त्यांच्या शिक्षणाची किंमत ठरवू गेले तर ती फारच थोडी भरेल. स्त्रियांच्या बाबतीत तर मिळकतीची कसोटी अधिकच अपुरी ठरते. लग्न, बाळंतपण, घरातील वृद्धांची सेवा यांमुळे ज्यांची नोकरी सुटते, त्यांच्या शिक्षणाचा लाभ पुढच्या पिढीच्या अक्षरओळखीत, आरोग्यात आणि ग्रामसभेतील त्यांच्या शब्दाला आलेल्या वजनात दिसतो. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडलेली तक्रार वेगळी होती: रयतेच्या महसुलातून चालणाऱ्या उच्च शिक्षणाचा लाभ वरच्या थरांतच अडकून पडतो. शिक्षण फायद्याचे आहे काय, या प्रश्नाला ‘कोणाला?’ ही पुस्ती त्यांनी तेव्हाच जोडली होती. आणि कर्मवीर भाऊराव पाटील यांनी खर्चाच्याच बाजूला हात घातला. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेने ‘कमवा आणि शिका’ या पद्धतीने बुडणारी मिळकत शिकता शिकताच भरून काढण्याची वाट दाखविली.

खर्च कमी झाला की हिशेब बदलतो, हे राज्य शासनाच्या अलीकडील निर्णयांतही दिसते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या मुलींना २०२४-२५ पासून केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत मिळते. ज्या घरांत मुलीसाठी कर्ज काढण्यास नकार मिळत असे, तेथे आता प्रश्न वसतिगृहाचा आणि प्रवासाचा उरतो. विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क २०१५ च्या राज्य अधिनियमाखालील शुल्क नियामक प्राधिकरण ठरविते. मंजूर शुल्काचा आकडा प्राधिकरणाकडे असतो. प्रवेशाच्या खिडकीवर सांगितलेला आकडा त्याहून अधिक असल्यास पालकाने लेखी मागणी करावी व पावती घ्यावी.

शिक्षकांनी आणि पंचायत सदस्यांनी प्रवेशाच्या हंगामात थोडा वेळ काढला, तर पुष्कळ करता येईल. परिसरातील मुले ज्या आठ-दहा महाविद्यालयांकडे जातात, त्यांची मान्यता, मंजूर शुल्क, मुदतीत उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण आणि वेतनाचा मध्यक एका कागदावर उतरवून तो ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्यास एक दुपार पुरते. जी माहिती संकेतस्थळावर नाही, ती शासकीय व अनुदानित महाविद्यालयांकडून माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली मागता येते. गावातील जे मुलगे-मुली त्या महाविद्यालयांतून तीन-चार वर्षांपूर्वी बाहेर पडले, त्यांना आज काय मिळते हे विचारणे तर आणखी सोपे आहे. अमेरिकेच्या शिक्षण विभागाला जे नोंदींतून शोधावे लागते, ते गावात दहा घरे फिरून कळते. दहाच जणांवरून पक्का निष्कर्ष काढता येत नाही, हे खरे. पण माहितीपत्रकातील हसऱ्या चेहऱ्यांपेक्षा हे दहा जण आपल्या ओळखीचे असतात.

जाहिरातीत दिशाभूल झाल्याचे आढळल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. तक्रारीसाठी माहितीपत्रकाची मूळ प्रत, शुल्काची पावती आणि जाहिरातीचे कात्रण किंवा भ्रमणध्वनीवर आलेला संदेश जपून ठेवणे आवश्यक आहे. प्रवेश निश्चित झाला की बहुतेक घरांत हे कागद रद्दीत जातात. ते निदान पहिली नोकरी लागेपर्यंत तरी पेटीत राहू द्यावेत.